टोंगारिरो नॅशनल पार्क : जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहू हे तीन जिवंत ज्वालामुखी एकाच पार्कात आहेत. सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. तिथली जमीन अजून गरम आहे. मुंबईतून जाऊन आलेल्या ट्रेकर मंडळींनी आणि नुसतं फिरून आलेल्यांनीही हातचं न राखता लिहा. येत्या डिसेंबरात आम्ही आईला घेऊन जाणार आहोत.

ठाणे
टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही ज्वालामुखींमधून जाणारी पायवाट केली. मांगातेपोपोहून केटेटाहीपर्यंत साधारण २० किलोमीटर, सात-आठ तास. सुरुवात सोपी, मग पायऱ्यांचा दमछाक करणारा चढ, आणि एकदम साउथ क्रेटरचं सपाट मैदान. तिथून रेड क्रेटर. १,८८६ मीटर म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, पण लक्षात राहतो तो रंग. तांबड्या-काळ्या कड्यात एक उभी पोकळ भेग दिसते. लाव्हा वर आला, उरलेला खाली निथळून गेला आणि ही रिकामी शीर मागे राहिली. मी तिथेच खिळून उभा होतो. जमिनीवर हात ठेवला तर ऊब लागते, गंधकाचा वास नाकात बसतो.

खरी परीक्षा पुढच्या उतारावर. वाट खडीच्या ढिगासारखी सरकते. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून उतरा. काठी असेल तर उत्तमच. खाली एमराल्ड लेक्स. खडकातून झिरपणाऱ्या खनिजांमुळे पाण्याला तो हिरवा-निळा रंग येतो. वाटेत पिण्याचं पाणी नाही, सगळं पाठीवर न्यायचं.

बोरिवली
मुक्काम वाढवून ठेवा, हे मी कळकळीने सांगते. आमच्या ठरलेल्या दिवशी वाऱ्यामुळे क्रॉसिंगला नेणारी शटल बस रद्द झाली. मुंबईत हिवाळा असतो तेव्हा तिथे उन्हाळा, तरी वर कडाक्याची थंडी वाजू शकते. थर्मल, वारा अडवणारं जॅकेट, टोपी हवीच. त्या दिवशी आम्ही फाकापापा गावाहून तारानाकी धबधब्याची फेरी केली. दोन तासांची वाट, जुन्या लाव्ह्याच्या कड्यावरून २० मीटर कोसळणारं पाणी. ती वाट मला क्रॉसिंगइतकीच आवडली आणि तिथे गर्दीही नव्हती.

डोंबिवली
थोडक्यात : बुटांच्या खाचांतली माती घरीच ब्रशने घासून काढा. ऑकलंडला उतरताना ट्रेकचे बूट आणि खाण्याचे सगळे पदार्थ जाहीर करावेच लागतात. मध नेऊच नका.

विलेपार्ले
मी चढले नाही, पण त्या डोंगरांची माहिती आवर्जून वाचली. १८८७ मध्ये न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे प्रमुख होरोनुकु ते हेउहेउ यांनी ही पवित्र शिखरं तुकड्यातुकड्याने विकली जाऊ नयेत म्हणून राजसत्तेच्या हवाली केली. तोच न्यूझीलंडचा पहिला नॅशनल पार्क. १९९० मध्ये निसर्गासाठी आणि १९९३ मध्ये संस्कृतीसाठी युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. शिखरं ‘तापू’, म्हणजे पवित्र. म्हणून ब्लू लेकच्या पाण्याला हात लावायचा नाही, काठावर खायचं नाही, न्गाउरुहोएच्या माथ्यावर जायचं नाही. देवराईतली काटकीही न उचलणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी ट्रेकच्या भरात मुलं विसरतात, म्हणून लिहिलं.

अंधेरी
भूशास्त्र शिकतोय. थिजलेल्या लाव्ह्याची गिल्बर्ट हिल बघत मोठा झालो, त्यामुळे तिथला लाव्हा अजून वाहू शकतो, ही कल्पनाच अंगावर येते. ६ ऑगस्ट २०१२ ला रात्री टोंगारिरोवरच्या ‘ते मारी’ या विवराचा उद्रेक झाला आणि केटेटाही हटच्या छतातून दगड आत घुसले. मध्यरात्रीच्या सुमारास झाला म्हणून वाटेवर माणसं नव्हती. निघण्याआधी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी तपासा, आणि वाट बंद असेल तर वाद न घालता मागे फिरा.

रुआपेहूचा धोका वेगळा, कारण त्याच्या माथ्यावर तळं आहे. २४ डिसेंबर १९५३ ला त्या तळ्याचा बांध फुटला, चिखल-दगडांचा लोंढा फांगाएहू नदीतून खाली आला आणि तांगीवाईचा रेल्वेपूल खचला. काही मिनिटांतच ऑकलंडला जाणारी एक्स्प्रेस तिथे पोचली. १५१ माणसं गेली. तांगीवाईला त्यांचं स्मारक आहे. काकू, तुम्ही सांगितलेला आदर आणि हा इतिहास, दोन्ही माहीत असूनच तिथे पाऊल टाकावं असं मला वाटतं.

बोरिवली
दादा, आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना क्रॉसिंगला नेऊ नका. रुआपेहूवर गोंडोला, म्हणजे रोपवे आहे, चालू आहे का ते आधी विचारून घ्या. आभाळ स्वच्छ असलं तर वरून न्गाउरुहोएचा सुळका समोर दिसतो.