कच्च्या सेंटरला मैदानावर किती वेळ द्यावा?
बास्केटबॉलमधला तरुण सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, सामन्यांत उतरवल्याखेरीज शिकत नाही, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. सेंटर रुडी गोबेअर २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकी लीगमधले संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, २७ वा निवडला गेला आणि यूटा जॅझ संघाकडे आला; पहिल्या हंगामात त्याला ४५ सामन्यांत सरासरी दहा मिनिटेही मिळाली नाहीत, आणि अधूनमधून त्याला बेकर्सफील्डच्या डी-लीग (एनबीएची खालच्या स्तरावरची, खेळाडू घडवणारी लीग) संघाकडून खेळायला पाठवले जाई. हे मला मुळीच अपमानास्पद वाटत नाही. नवखा उंच खेळाडू हुलकावणीला भुलून आधीच उडी मारतो, हात खाली आणतो आणि पाच मिनिटांत तीन फाऊल करून बाकावर येऊन बसतो. पाय जमिनीवर रोवून, हात सरळ वर ठेवून थांबण्याची सवय सरावातच शेकडो वेळा घोटावी लागते.

मात्र तयारी झाल्यावर वाट मोकळी करणेही तितकेच आवश्यक असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये जॅझने आपला दुसरा सेंटर एनेस कँटर याला ओक्लाहोमा सिटीच्या संघाकडे सोपवले, तेव्हा कुठे गोबेअर सुरुवातीच्या पाचांत स्थिरावला. २०१८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.