“शिकाऊ होता, चुकला असेल” हे वाक्य आता बंद करा

उजनीकाठ:
शनिवारी, ९ ऑगस्ट २०२५ ला सकाळी बारामतीत शिकाऊ विमान उतरताना टायर खराब झाला, पुढचं चाक निखळलं आणि विमान बाजूच्या गवतात गेलं. वैमानिक सुखरूप आहे, हे सर्वांत महत्त्वाचं. जुलै २०२२ मध्ये इंदापूरजवळ कडबनवाडीच्या शेतात सेसना १५२ पडलं, तेव्हाही विमानात शिकणारी मुलगी एकटीच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला एकाच संस्थेची दोन विमानं पडली, मग डीजीसीएने, म्हणजे देशाच्या विमान-सुरक्षा नियामकाने, त्या संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं. तरी दर वेळी दोष आधी मुलांवर. विमानाची देखभाल काय मुलं करतात?

जुना_प्रशिक्षक:
पूर्ण पटत नाही. या घटनेचं कारण चौकशीत कळेल, पण उतरताना पुढचं चाक मोडण्यामागे बऱ्याचदा चालवणाऱ्याचा हातच चुकलेला असतो. आधी मागची दोन चाकं टेकली पाहिजेत. वेग जरा जास्त असला की विमान टेकून पुन्हा उसळतं. घाबरलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो, पुढचं चाक आपटतं, विमान आणखी उसळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला पुढचा पाय मोडतो आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) धावपट्टीला घासतो. पहिल्याच उसळीला पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद) द्यायचा, नाक सावरायचं, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) टप्प्याटप्प्याने वर घ्यायचे आणि गो-अराउंड करायचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. हात थ्रॉटलवर असूनही मुलं हे करत नाहीत.

उजनीकाठ:
सर, का करत नाहीत, हेच तर विचारतोय.

दोनशे_तास:
मी सांगतो. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला) २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्यावर घेऊन. घरच्यांनी जमीन गहाण टाकून फी भरलीय. मी पहिल्यांदा गो-अराउंड केलं, तर उतरल्यावर सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, “एवढंही जमत नाही?” पुढच्या वेळी विमान उसळलं तरी मी ते दामटून टेकवलं. वाचलो. चूक माझीच, पण ती कुठून आली तेही बघा.

जुना_प्रशिक्षक:
असं बोलणारा प्रशिक्षक चुकला, यात वादच नाही. माझ्याकडे गो-अराउंड करणाऱ्याची पाठ थोपटली जायची. पण बाळा, एकट्याने गेलास की निर्णय तुझाच. ती जबाबदारी पेलत नसेल तर सोलोला पाठवणंच चूक.

उजनीकाठ:
मग पाठवणाऱ्यालाही जाब विचारा ना, सर! सोलोच्या परवानगीवर सही त्याचीच असते.

बांधावरची:
तुम्ही सगळे कॉकपिटमधून बोलताय, आम्ही खालून बघतो. आमचं रान विमानतळाला लागून आहे, दिवसभर डोक्यावर घिरट्या. मुलांवर राग नाही, विमान पडलं की पहिले धावतात ते गावकरीच. पण या अपघाताच्या वेळी इथे एएआयचा (विमानतळ प्राधिकरणाचा) विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता, रेडिओवर प्रशिक्षण संस्थांचीच माणसं होती. असा टॉवर होईपर्यंत एकट्या मुलांची उड्डाणं थांबवा.

दोनशे_तास:
ताई, सोलो थांबलं तर लायसन्सच थांबलं. आणि टॉवर असला तरी उसळलेलं विमान आम्हालाच सावरायचंय.

बांधावरची:
सावर बाबा, सुखरूप उतर. पण माझी मागणी मी सोडणार नाही. आणि चौकशी अहवाल मराठीत करून ग्रामपंचायतीत लावा. विमान आमच्या रानात पडतं, कारण आम्हाला कळायला नको?