मदत हवी आहे: इंटर्नशिपच्या रिपोर्टमध्ये हा आकडा लिहू की नको?

मंडळी, मी कोल्हापूरची, पत्रकारितेचं दुसरं वर्ष. २०२५च्या जून-जुलैत राजारामपुरीतल्या एका छोट्या पीआर (जनसंपर्क) एजन्सीत इंटर्नशिप केली (नाव विचारू नका). आता डिपार्टमेंटला 'मी काय शिकले' टाइप रिपोर्ट द्यायचाय आणि एका आकड्यावर गाडी अडलीय, क्लायंटच्या बातमीची रुपयात काढलेली किंमत. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मला वाटलेलं पीआर म्हणजे आपण भारी भारी लिहिणार. पहिला आठवडा नुसती कात्रणं! सकाळी साडेआठला पेपरांचा गठ्ठा, बातमी कापायची, ए-फोरवर चिकटवायची, वर पेपरचं नाव, तारीख, आवृत्ती, पान नंबर. एकदा कापल्यावर कळलं की दुसऱ्या क्लायंटची बातमी बरोबर त्याच्याच पाठीमागे होती, तेव्हापासून प्रत्येक पेपरचे दोन अंक. मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा नाहीतर छपाईत फुटतो, कॅप्शनमध्ये 'डावीकडून' लिहायचंच, असलं सगळं शिकले. हे लिहायला काही अडचण नाही.

तर त्याच दिवसांत प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीचं प्रकरण पेटलं, मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच नाही (नंतर कबूल केलं ते सोडा). आमचा एक क्लायंट चप्पलवाला, तो म्हणाला ह्या वाऱ्यात आपली पण बातमी लागली पाहिजे. सरांनी प्रेस नोट मला लिहायला दिली, माझी पहिली. मी जोशात ठोकून दिलं की कोल्हापुरीला २०१९ला मिळालेलं जीआय मानांकन (वस्तू कुठल्या भागातली ते ठरवणारं) 'फक्त कोल्हापूरचं'. सरांनी वरवर बघितलं, नोट गेली. रात्री नऊला एका जुन्या रिपोर्टर काकांचा फोन, "पोरी, अथणीच्या कारागिरांनी तुझं काय घोडं मारलंय?" ते मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे हो, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव (अथणी त्यातच), धारवाड, बागलकोट, विजापूर. इथंच जन्मून-वाढून मला हे माहीत नव्हतं. सुधारित नोट लगेच पाठवली पण एका पेपरचं पान तोवर छपाईला सुटलेलं, सकाळी चूक तशीच छापून, तीन कॉलम. क्लायंट मात्र खूश, त्याला फोटो मोठा आला याचंच कौतुक.

आता खरी गोम. महिनाअखेरीला क्लायंटला रिपोर्ट जातो त्यात 'एव्हीई' असतं, म्हणजे बातमीनं जेवढी जागा घेतली तेवढी जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते. पट्टी घेऊन मीच मोजलं, १२ सेंमी रुंद, १५ उंच, १८० चौरस सेंमी, दर धरला ३०० रुपये, झाले ५४ हजार. सर म्हणाले गुणिले तीन कर, जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा जास्त विश्वास असतो. झाले १ लाख ६२ हजार. आणि ही तीच चुकीची बातमी! तीनच का, चार का नाही, विचारलं तर "सगळे तीनच धरतात."

माझ्या इंटर्नशिपच्या रिपोर्टवर एजन्सीचा सही-शिक्का लागतो. सर वाईट असते तर सोपं होतं, पण त्यांनी काकांना स्वतः फोन करून "माझ्याकडून बघायचं राहिलं" सांगितलं, माझं नाव पण घेतलं नाही. आकडा लिहिला आणि व्हायवात कुणी खोदून विचारलं तर काय सांगू? नाही लिहिला तर दोन महिने काय केलं हे दाखवू कशावर? आणि ती चूक लिहू की गिळून टाकू? मैत्रीण म्हणते 'लर्निंग्ज'मध्ये दोन गोड ओळी टाक आणि सूट.

प्रतिसाद १: पुण्यात बारा वर्षं ह्याच धंद्यात आहे. त्या गुणिले तीनला कसलाही आधार नाही. २०१०ला बार्सिलोनात पीआरचं मोजमाप करणाऱ्यांची परिषद झाली, त्यांच्या तत्त्वांत सरळ म्हटलंय की एव्हीई म्हणजे पीआरची किंमत नव्हे. क्लायंटला रुपयातला आकडा लागतो म्हणून अजून चालतंय, मी पण खूप वर्षं गुमान गुणाकार केलाय. तू आकडा लिही, पण कसा काढला ते गणितासकट आणि खाली बातमीत काय चुकलं होतं ते पण. फक्त सरांना आधी वाचायला दे, सहीच्या दिवशी एकदम पुढ्यात टाकू नको. बातमीनंतर दुकानात काय फरक पडला, त्याची काही नोंद आहे का?

धागाकर्ती: आहे की दादा! त्या रविवारी मी क्लायंटच्या दुकानात वही घेऊन बसलेले. अकरा जण पेपरात वाचून आलो म्हणाले, त्यातल्या चौघांनी चप्पल घेतली. एक आजोबा जोड हातात घेऊन, वाकवून, कर्रकर्र आवाज ऐकून म्हणाले, "ती परदेशी वाजत असंल का अशी?" वही सरांनी मागितलीच नाही, माझ्याकडंच पडून आहे.

प्रतिसाद २: मग त्या पानांची झेरॉक्स मारून जोड की. आणि अथणीचं अजिबात काढू नको बघ, माझं आजोळ हाय तिथलं.

धागाकर्ती: 😄 नाही काढत. सरांना आत्ताच मेसेज टाकला, उद्या अकराला ये म्हणालेत. वही पण घेऊन जाते.