कोरलाइन शैवलांची प्रजाती डीएनएवर ठरावी की रचनेवर?

सागरतळ: पेशीभित्तीत कॅल्साइट साठवणाऱ्या तांबड्या शैवलांच्या, म्हणजेच कोरलाइन शैवलांच्या नव्या प्रजाती (जवळच्या जातींचे गट) हल्ली प्रामुख्याने जनुकक्रमावरून मांडल्या जातात, आणि हे मला धोक्याचे वाटते. क्रिटेशस काळापासूनच्या खडकांत त्यांचे जीवाश्म आहेत. त्यांत डीएनए उरलेला नाही, पेशींची मांडणी मात्र अनेकदा शाबूत असते. लिथोफायलम या प्रजातीत शेजारच्या तंतूंतील पेशी बारीक छिद्रांनी जोडलेल्या असतात, तर लिथोथॅम्निऑनमध्ये मधली भिंत विरून पेशी एकमेकींत मिसळतात. उभ्या छेदात हे स्पष्ट दिसते. जी प्रजाती छेदातून ओळखताच येत नाही, तिचा भूवैज्ञानिकाला काय उपयोग?

निळीशार: सारखे दिसते म्हणून नाते जवळचे, असे होत नाही. पिसासारख्या फांद्यांमुळे हॅलिप्टिलॉन ही जेनियाहून वेगळी प्रजाती मानली जाई. २००७ मध्ये जनुकक्रमांच्या आधारे ती जेनियातच समाविष्ट करण्यात आली. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील मर्लचे, म्हणजे सुट्या कोरलाइन शैवलांच्या थरांचे, उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे फायमॅटोलिथॉन कॅल्केरियम आणि लिथोथॅम्निऑन कोरॅलिऑइडिस यांचे सुटे, गाठाळ, जांभळट तुकडे मिसळून पडलेले असतात. सर्वांत वरच्या थरातील पेशींचे कोपरे बाहेर पसरलेले असतील तर लिथोथॅम्निऑन आणि पेशी घुमटाकार असतील तर फायमॅटोलिथॉन, हा फरक खरा. पण तो एकाच नाजूक थरात आहे आणि तो थर झिजला की पुरावाच जातो. युरोपीय संघाच्या निसर्गसंरक्षणाच्या कायद्यात, म्हणजे अधिवास निर्देशात, या दोन्ही जाती नावानिशी नोंदलेल्या असताना ओळख अशा थरावर सोपवणे मला मान्य नाही.

सागरतळ: हॅलिप्टिलॉनच्या बाबतीत चुकले ते वरवरचे निरीक्षण. पूर्वी सांधे असलेली सगळी शैवले एकाच गटात टाकली जात, पण अँफिरोआच्या पेशी लिथोफायलमप्रमाणे छिद्रांनी जोडलेल्या आहेत, कोरलाइनाच्या तशा नाहीत. सांधे स्वतंत्रपणे उत्पन्न झाले, हे जनुकक्रमांनी पुढे दाखवले. छेदाने त्याची खूण आधीच दिली होती.

निळीशार: खूण होती, निर्णय नव्हता. शिवाय नाव टिकते ते प्रारूप नमुन्यावर, म्हणजे ते नाव ज्याला कायमचे जोडलेले असते त्या जपून ठेवलेल्या नमुन्यावर. १९०९ मध्ये निधन पावलेल्या शैवलतज्ज्ञ मिकाएल फोस्ली यांच्या नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील संग्रहातील जुन्या नमुन्यांतून आज डीएनए मिळतो, त्यामुळे एखादे नाव नेमके कोणत्या शैवलाचे हे तपासता येते. केवळ वर्णन वाचून हे साधत नव्हते.

सागरतळ: तो नमुना तपासावाच, याला माझा विरोध नाही. माझी मागणी एवढीच आहे की, नवी प्रजाती मांडणाऱ्याने जनुकक्रमासोबत उभ्या छेदाचे चित्र आणि प्रजननकोष्ठाला एक छिद्र आहे की अनेक, याचे वर्णन द्यावे.

निळीशार: आणि रचनेत कोणताही फरक सापडला नाही, तर ती प्रजाती नाकारणार का? मी नाकारणार नाही.