बुजरं कुत्रं घरी आणल्यावर : अनुभव धागा

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून दत्तक घेतलेलं, माणसाला घाबरणारं मोठं कुत्रं घरात कसं रुळवायचं, ते इथे लिहूया. आमचा मोती कसा सुधारला ही गोष्ट नको. किती दिवस, किती अंतर, कोणता पट्टा, काय फसलं आणि का, एवढंच लिहा. आपापल्या गावाचं नाव वर टाका म्हणजे उत्तर देणं सोपं.

पुणे
आधी कोपरा ठरवा. दोन बाजूंना भिंत, येणारं-जाणारं लांबून दिसेल, पण अंगावरून कुणी जाणार नाही असा. टेबलावरून जमिनीपर्यंत जुनी चादर सोडली तरी पुरते. क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) असेल तर दार काढून ठेवा. पाणी तिथेच, हातभर अंतरावर. त्या कोपऱ्यात कुणीही हात घालायचा नाही, कामाच्या मावशींनी झाडूही नाही.

लादीचा विचार बहुतेकांना सुचत नाही. मातीवर वाढलेल्या कुत्र्याचा पाय लादीवर घसरतो, की ते नखं रोवतं आणि आणखी घसरतं. मग कोपरा सोडतच नाही आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच घाबरतंय. कोपऱ्यापासून दारापर्यंत योगा मॅट टाका. नुसती सतरंजी स्वतःच सरकते.

ठाणे
फक्त गळपट्ट्यावर बाहेर नेऊ नका. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून डोकं काढून घेतं. कारवानसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्याला तर काहीच वेळ लागत नाही. मार्टिंगेल (ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा पट्टा) आणि पोटाकडे जास्तीचा बंद असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा), दोन्हींना वेगवेगळी दोरी: एक हातात, एक कमरेला. बंदाखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. लोखंडी साखळी वाजते, ती नको.

हार्नेस थेट चढवू नका. दोन-तीन दिवस जेवणाच्या भांड्याशेजारी पडू द्या. मग गळ्याच्या गोलातून खाऊ. बकलचा ‘टक्’ आवाज वेगळा शिकवा, कारण अनेक कुत्री त्यालाच दचकतात. नंतर दीड मीटरची हलकी दोरी घरात मागून घसटू द्या, आपण समोर असतानाच. टोकाला फास नको, तो खुर्चीच्या पायात अडकतो.

नाव-फोनचा बिल्ला पहिल्या दिवशी. सुटलंच तर मागे धावू नका, दहा माणसं घेऊन हाका तर मुळीच नका मारू. सुटलं तिथे खाणं आणि घरचा वापरलेला कपडा ठेवा, रात्री वर्दळ थांबल्यावर लांबून बघा.

नागपूर
खाऊ देण्यात सर्वांत जास्त चुका होतात. तळहातावर चिकन ठेवून बोलावलं की नाक पुढे येतं, मागचे पाय जागेवरच राहतात. तुकडा संपतो आणि त्याला कळतं की आपण माणसाच्या फार जवळ आलोय. मग ते दचकून पळतं किंवा चावतं. म्हणून तुकडा त्याच्या पाठीमागे टाका. मागे जाऊन खायचं, मग हवं तर पुन्हा वळायचं. माणसापासून दूर जाता येतं हे पटल्याशिवाय जवळ येण्याला काही अर्थ नाही.

तुकडा वाटाण्याएवढा: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, शाकाहारी घरात पनीर. रश्श्यातलं नको, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. दिवसातून तीन-चार वेळा, पाच मिनिटं, दहा-बारा तुकडे, बस्स. जमिनीवर आडवी बाजू करून बसा, डोळ्याला डोळा नको. खाणं थांबलं म्हणजे तुम्ही फार जवळ बसलात. दोन पावलं मागे सरका.

आणि फेकताना हात खांद्यापर्यंत उचलू नका! रस्त्यावर दगड तसाच येतो. मनगटातून, जमिनीलगत घरंगळवा.

न्यू जर्सी
इथे कुत्रं रुळण्याचा तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. ते वेळापत्रक समजू नका. खूप बुजलेल्यांना वर्ष लागतं. पहिले काही दिवस ‘किती शांत आहे’ वाटणारं कुत्रं बहुधा थिजलेलं असतं. तिसऱ्या आठवड्यात गुरगुरलं की लोक म्हणतात बिघडलं. गुरगुरण्यावर ओरडू नका. ते बंद झालं की पुढची सूचना थेट दातांनी मिळते.

ठाणे
दुजोरा. त्याआधीच्या खुणाही बघा: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याची पांढरी कड, अंग ताठ. कुरवाळायचं झालं तर डोक्यावरून नको, छातीच्या बाजूला. तीन सेकंद, मग हात काढा. पुन्हा टेकलं तरच पुढे.

कोल्हापूर
कुकरच्या शिट्टीच्या भीतीवर खाऊचा उपाय चालतो, पण क्रम चुकवू नका. आधी आवाज, मग लगेच खाऊ. उलटं केलंत तर चिकन दिसलं की शिट्टी येणार, असं ते शिकतं आणि चिकनलाच घाबरायला लागतं. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून कान देऊन ऐकावी लागेल इतक्या हळू आवाजात सुरू करा. कान मागे गेले तर आवाज आणखी कमी. एका बैठकीत सात-आठ वेळा पुरे.

दिवाळीत हे शिकवायला जाऊ नका. फिरवणं अंधार पडण्याआधी, आतली खोली, पंखा चालू, खिडक्या बंद. ते चिकटून बसलं तर बसू द्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

पणजी
शिकवण्याआधी तपासून घ्या. गोचीड-ताप, कानाचा संसर्ग, जुनं मोडलेलं हाड: दुखणारं कुत्रंही हात लागू देत नाही. भीती फारच असेल तर व्हेटला औषधाबद्दल विचारा, त्यात कमीपणा नाही. फ्लुओक्सेटिनसारख्या रोजच्या गोळीचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. फटाक्यांसाठी नुसतं एसप्रोमाझिन (गुंगीचं औषध) दिलं जात असेल तर पुन्हा विचारा. त्याने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नका.

मुंबई
शी-शूचं कुणी लिहिलं नाही. पहिले चोवीस तास काहीच न करणं अनेकदा दिसतं. त्याहून लांबलं तर व्हेट. पहाटे पाचला आणि रात्री अकरानंतर न्या, रोज त्याच झाडापाशी. खालीच जात नसेल तर बाल्कनीत तसराळ्यात माती, वर थोडं गवत. लिफ्ट पहिला महिना नको. जिना झेपत नसेल तर लिफ्टचं दार उघडं धरून आत खाऊ, बाहेर खाऊ. दार बंद करणं चौथ्या-पाचव्या दिवशी, तेही एकाच मजल्यापुरतं, आणि शेजारी आत शिरत असतील तर त्यांना पुढच्या फेरीने यायला सांगा.