दिवाणाखालचा मॉडेल रेल्वेचा लेआउट : सांधे हाताने बदलायचेत, पण तारा-दांडे दिसायला नकोत

सहाचाकी_इंजिन (मुलुंड) :
मंडळी, दिवाणाखाली सरकणारा सहा बाय तीन फुटांचा एचओ (म्हणजे १:८७ मापाचा) लेआउट आहे. गाडीचा रूळ बदलणारे सहा सांधे, सगळे पेको कंपनीचे. प्रत्येकाला मोटर परवडत नाही आणि खरं सांगू का, हाताने बदलायलाच मजा येते. पण रविवारी भाचीने मागच्या यार्डात हात घातला आणि कोपराने सिग्नल आडवा केला. पुढच्या कडेला नॉब काढावेत तर ते दिवाणाला अडकतात. काय करू?

बोरीबंदर_१८५३ :
पेकोच्या सांध्यात स्प्रिंग असते, मोटर नसली तरी सांध्याची सरकती पट्टी रुळाला घट्ट बसते. त्यामुळे हाताशी येणारे सांधे बोटानेच बदल. मागच्यांना प्लायखालून सायकलचा स्पोक ने. स्टेनलेसचाच घे. साधी तार मी वापरली होती, जुलैत गंजली आणि गणपतीपर्यंत जागच्या जागी आवळून बसली. लेआउटच्या कडेच्या लाकडी पट्टीला दोन बोटं जातील एवढं भोक पाड, स्पोकच्या टोकाला लाकडी मणी चिकटव आणि तो आतल्या आतच ठेव. म्हणजे दिवाणाला अडकायला काही उरत नाही.

खडखडाट :
मी स्पोक आणि सांधा यांच्यामध्ये प्लायखाली स्लाइड स्विच बसवतो. लॅमिंग्टन रोडवर मूठभर घेऊन ये. फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, धातूचा असेल तर त्याचा करंट सांध्याबरोबर बदलावा लागतो, ते काम हाच स्विच करतो. पट्ट्याही तोच धरून ठेवतो, मग पेकोची स्प्रिंग काढलीस तरी चालेल. फक्त स्विचची सरक सांध्याच्या सरकीपेक्षा जास्त असते. म्हणून वर जाणाऱ्या बारीक तारेला मध्ये घोड्याच्या नालेसारखा वाक दे. जास्तीचा धक्का तो वाक पितो, नाहीतर सांध्याच्या दोन्ही पट्ट्यांना जोडणारी आडवी पट्टी मोडलीच समज.

सहाचाकी_इंजिन :
एक बसवला. इंजिन फ्रॉगवर गेलं की शॉर्ट!

खडखडाट :
स्विचच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल कर. मधली फ्रॉगची, तिला हात लावू नकोस.

गिरगावकर_आजोबा :
तारा-भोकं लपवायची म्हणजे झुडपंच लावायची, असं कोणी सांगितलं? लोकलच्या खिडकीतून बघा, सांध्याशेजारी पॉइंट मशीनची, म्हणजे सांधा बदलणाऱ्या यंत्राची, पेटी असते. तीच करा. बॉक्सबोर्डची पेटी, करडा रंग, तळाशी सांध्याला जोडलेली तार. पुढचे सांधे ती पेटीच ढकलून बदलायचे. तीन मिलिमीटर सरकलेली कोणाला कळत नाही. मागे प्लायला पडलेल्या भोकावर जुन्या स्लीपरांचा ढीग रचा. खरा ब्रॉडगेज लाकडी स्लीपर २.७५ मीटर, म्हणजे १:८७ ला साधारण ३२ मिमी. आगकाड्या कापून कोऱ्या चहात बुडवा, रंग आपोआप जुना दिसतो.
आणि खडी टाकताना पातळ फेव्हिकॉल सांध्याच्या आडव्या पट्टीपाशी नेऊ नका. आधी तिथे तेलाचा थेंब सोडा. माझा एक सांधा कायमचा दादरकडेच वळलेला आहे.

सहाचाकी_इंजिन :
शॉर्ट गेला. चार सांधे झाले. आजोबा, पेटीची आयडिया भाचीला इतकी आवडली की आता मला हात लावू देत नाही. उरलेल्या दोघांसाठी स्पोक कमी पडलाय, सायकलवाल्याकडे लांब मिळतो का?

बोरीबंदर_१८५३ :
लांब कशाला, दोन जोड. मध्ये इलेक्ट्रिकचा पितळी कनेक्टर, दोन स्क्रू.