मदत हवी आहे: स्विफ्ट डिझेलला कोल्ड एअर इनटेक बसवू की नको?

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा पाइप-फिल्टरचा किट. गाडी २०१४ ची स्विफ्ट डीडीआयएस, १२४८ सीसी, १ लाख १० हजार किमी. वॉरंटी कधीच संपली. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केलेला नाही, करायचाही नाही. राहतो रत्नागिरीजवळ, आठवड्यातून एकदा आंबा घाट चढून कोल्हापूर. घाटात दुसऱ्या गियरला गाडी दम खाते.

आतापर्यंत केलेलं: कंपनीचा नवीन एअर फिल्टर, टर्बोचे होज तपासले (कुठे गळती नाही), डिझेल फिल्टर बदलला. मग मूळ डब्यातच बसणारा, तेल लावलेला कॉटनचा पॅनल (चपटा) एअर फिल्टर टाकला. आवाज छान आला, पण पंधरा दिवसांत चेक इंजिनचा दिवा! एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) काढून बघितला तर तारेवर तेलाचा चिकट थर आणि त्यावर चिऱ्याच्या खाणीची तांबडी धूळ. सेन्सरच्या स्प्रेने साफ केला, कंपनीचा फिल्टर परत टाकला, दिवा गेला. सेन्सर बदलायची वेळ आली नाही हे नशीब.

आता मेकॅनिक म्हणतो, बंपरमागे खाली फिल्टर येणारा पाइपवाला किट घाल. पण आमच्याकडे जुलैत मोरीवरून पाणी जातं. फिल्टर बुडाला आणि इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉडच वाकायचे. ताकद किती वाढेल याबद्दलही मला शंकाच आहे.

बजेट आठ हजार, बसवणार घरीच.

तर एअर फिल्टरचा मूळ डबा ठेवून बिनतेलाचा पॅनल फिल्टर टाकणं पुरे का? आणि किटच घ्यायचा तर फिल्टर वर, बॅटरीजवळ हीट शील्डमध्ये (इंजिनची उष्णता अडवणाऱ्या आवरणात) बसतो असा, शिवाय सेन्सरच्या जागी पाइपचा आतला व्यास मूळइतकाच असलेला, कोणी या गाडीला पावसाळाभर वापरलाय का?